सुमित्राबाईंनी सांगितलेला अर्थ

सुमित्राबाईंच्या सासरी एके काळी घोडा होता. सासऱ्यांचे आजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात स्वार होते, आणि फेटा बांधलेला त्यांचा पिवळट फोटो अजूनही देव्हाऱ्याच्या वर टांगलेला आहे. घोडा गेला, घोडदळ गेलं. घरात मराठी बोलायची पद्धत तेवढी राहिली. बाईंचे यजमान मालोजीराव बस डेपोत मेकॅनिक होते. ते हार्टच्या दुखण्यानं अचानक गेले तेव्हा मुलगा सुधींद्र नववीत होता. बाईंनी रिंगरोडपलीकडच्या एका सरकारी शाळेत स्वयंपाकाचं काम धरलं आणि एकवीस वर्षं ते सोडलं नाही. एकशेचाळीस मुलांचा भात-सांबार, आठवड्यातून एकदा अंडी, शनिवारी सकाळी उप्पीट. शाळेत सगळे त्यांना सुमित्रक्का म्हणत.

त्यांची मराठी म्हैसुरातच जन्मलेली. “सुम्ने बस गे” म्हणजे उगी बस, “स्वल्प थांब” म्हणजे जरा थांब. लग्नकार्याला पुण्याकडचे पाहुणे आले की ते ऐकून हसत. सुधींद्र तर आताशा उत्तरंच कन्नडात देई. घराबाहेर त्या भाषेचा कुणाला कधी उपयोग होईल, असं बाईंना वाटलंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडून आठवडा झाला होता. बाई डाळीला फोडणी देत होत्या, तेवढ्यात हेडमिस नागरत्नांचा निरोप आला की हातातलं टाकून ऑफिसात या.

ऑफिसात एक काळासावळा, रापलेला माणूस उभा होता. शेजारी दहाएक वर्षांची मुलगी. शाळेमागच्या मोकळ्या जागेवर नवी अपार्टमेंट उठत होती, तिथं तो सेंट्रिंगच्या कामावर आला होता.

“हे काय बोलतायत ते बघा हो, अक्का,” नागरत्ना मिस कन्नडात म्हणाल्या. “हिंदीही नाही वाटत.”

बाईंनी विचारलं, “कुठले हो तुम्ही?”

त्या माणसाचा चेहरा एकदम सैलावला. “माण तालुका, सातारा जिल्हा. पोरीला साळंत घालायचं हाय. चौथीत.”

“नाव काय लेकीचं?”

“नकुसा.”

बाईंना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

“नकुसा,” तो म्हणाला. “तिघींच्या पाठीवर ही चवथी झाली, म्हनून घातलं. पन नावाचा गुण आला बगा. हिच्या पाठीवर पोरगा झाला.” त्यानं मोठ्या समाधानानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “लई गुणाची हाय.”

मुलगी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

मिसनी रजिस्टरात नाव लिहून घेतलं. “नकुशा! छान आहे की. कधी ऐकलं नव्हतं. काय अर्थ हो, अक्का?”

“तिकडचं नाव आहे, मिस,” बाई म्हणाल्या. “असतात तशी.”

मुलीला कन्नडाचं अक्षर समजत नव्हतं. पण तिनं मान वर करून बाईंकडे पाहिलं. आपल्याविषयी काहीतरी विचारलं गेलं आणि ते झाकलं गेलं, एवढं तिला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसू लागली. वर्गात तिला कुणाचं काही समजत नव्हतं. इथं निदान बोलणारं कुणी होतं. बाई भांडी विसळता विसळता तिच्याशी बोलत आणि ती तोंडावर हात धरून हसे.

“आज्जी, तुमी मराठी बोलता का काय बोलता?”

“का गे, काय झालं?”

“सुम्ने काय सुम्ने! उगं म्हनायचं, उगं.”

“बरं बाई, उगं. तू शिकीव मला, मी तुला कन्नड शिकवते. अष्टे.”

“हे अष्टे काय आनिक?”

“म्हणजे… झालं, एवढंच.”

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं आजूबाजूला कुणी नाही असं पाहून विचारलं, “आज्जी, तुमास्नी माज्या नावाचं कळतं न्हवं?”

बाईंचा हात विसळायचा थांबला. “कळतं.”

“हितं कुनालाच ठावं नाय. कुनाला सांगू नगा.”

“नाही सांगत.”

“देवाशपत?”

“चामुंडीआईची शपथ. पुरे?”

गावाकडे तिला शाळेत, विहिरीवर, सगळीकडे हाक मारली की लोक त्या नावाचा अर्थ ऐकत. मास्तर हजेरीला थबकत. पाहुण्या बायका विचारत, नको होतीस का गं तू? इथं तसं काही नव्हतं. इथं ते नुसतं एक नाव होतं, मिसच्या तोंडी तर गोडच लागायचं. ऑगस्टपर्यंत ती कन्नडात आपलं नाव लिहायला शिकली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं सात ठिकाणी लिहून ठेवलं. बाई खोटं खोटं रागावल्या. पुसलं मात्र नाही.

त्या वर्षी म्हैसूरच्या आसपासच्या शाळांत अशी पुष्कळ मुलं आली होती. ओडिशाची, बिहारची, आसामची, सोलापूरकडची. आईबाप बांधकामावर, हॉटेलांत, कारखान्यांत. गावातली मुलं त्या सगळ्यांना एकजात “हिंदी” म्हणत. ताटं घेऊन बसताना त्यांच्याशेजारची जागा मोकळी राही. एका शाळेत तर पालकांनी लेखी तक्रार दिली की या मुलांमुळे आमच्या पोरांच्या डोक्यात उवा होतात. जिल्ह्याच्या शिक्षण खात्यात हे पोचलं आणि त्यांनी खरंच मनावर घेतलं. नव्या मुलांसाठी सकाळी तासभर भाषेचा वर्ग निघाला. प्रत्येक नव्या मुलाला वर्गातलं एक जुनं मूल जोडीदार म्हणून मिळालं. दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, असा हुकूम निघाला. शाळा बदलली तरी चालेल असं एक कार्ड मिळालं. आणि ज्या शाळेत मुलाची भाषा जाणणारं कुणीही असेल, शिक्षक असो की शिपाई, त्याला भाषा-मदतनीस नेमायचं ठरलं.

सुमित्राबाईंच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र आलं. फोटोसकट. त्या दिवशी त्यांनी ते घरी जाऊन सुधींद्रला दाखवलं, मग फोटोतल्या स्वारालाही दाखवलं. एकोणीस वर्षांत त्यांना ऑफिसात कुणी खुर्ची दिली नव्हती. आता मिस म्हणत, बसा अक्का.

खात्यात त्यांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवायला चैत्रा नावाची तरुण बाई होती, मनापासून काम करणारी, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारी. तिनं एक नियम तीनतीनदा सांगितला. “मूल जे सांगेल ते तसंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचंही नाही. तुम्ही गाळलंत तर त्या मुलाचं खरं आमच्यापर्यंत कधीच पोचणार नाही.” बाईंना ते फार पटलं. घरी येईपर्यंत त्या मनात तेच घोकत होत्या.

नकुसाला याचा सगळा फायदा झाला. तिला सिंचना नावाची जोडीदार मिळाली, दोन वेण्यांची, अखंड बडबडी. दसऱ्याच्या सुट्टीनंतर दोघी एका ताटलीतलं अंडं अर्धं अर्धं करून खाऊ लागल्या. नकुसाचं कन्नड झपाट्यानं सुधारलं. बेरजा तर ती वर्गात सगळ्यांच्या आधी करी. पायरीवर ती अजून येई, पण पळत, दोन शब्द बोलून परत सिंचनाकडे. बाईंना त्याचंही बरंच वाटे.

नोव्हेंबरात खात्यानं ठरवलं की मुलांच्या मनातला दुजाभाव जायला पाहिजे तर त्यांना एकमेकांची नीट ओळख व्हायला हवी. मग आसपासच्या चार शाळांतली नवी-जुनी मुलं एका हॉलमध्ये जमवली. पालक आले, खात्याचे मोठे अधिकारी आले, फोटोवाला आला. कुणी आपल्याकडचं गाणं म्हटलं, कुणी खाऊ आणला. आणि मग चैत्रा म्हणाली, आता प्रत्येक नवं मूल आपलं नाव सांगेल आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय तेही सांगेल.

सुमित्राबाई बाजूला उभ्या होत्या. कार्यक्रमात हे आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यात काही अडचण आहे हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार होतं?

ओडिशाच्या मुलीनं सांगितलं, माझ्या नावाचा अर्थ पहाट. टाळ्या. आसामच्या मुलानं नदीचं नाव सांगितलं. टाळ्या. मग नकुसा. नवा फ्रॉक, सिंचनाच्या आईनं घातलेल्या दोन वेण्या. तिनं कन्नडात स्वच्छ सांगितलं, “माझं नाव नकुसा,” आणि गप्प झाली.

“अर्थ?” चैत्रानं मायेनं विचारलं.

नकुसानं सुमित्राबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, हे बाईंना पुढं कायम सलत राहिलं. भरवसा होता. जूनमध्ये ऑफिसात जसं झाकलं तसं आताही आज्जी झाकेल, अशा खात्रीनं ती पाहत होती.

“लाजतेय,” चैत्रा हसून म्हणाली. “आमच्या सुमित्रक्का आहेत ना. अक्का, तुम्ही सांगा.” आणि माईक बाईंच्या हातात आला.

मोठे साहेब बाईंकडे बघत होते. बाईंनी जन्मात माईक धरला नव्हता. पहाट म्हणता आलं असतं, चांदणी म्हणता आलं असतं, काहीही म्हणता आलं असतं. पण गळ्यात ते निळं ओळखपत्र होतं, समोर चैत्रा मान डोलावत होती, आणि डोक्यात एकच वाक्य होतं, काही गाळायचं नाही. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात, हे त्यांनी पुढं फक्त दोघींपाशी कबूल केलं, असंही होतं की या मोठ्या लोकांना समजू दे, पोर काय सोसून आलीय ते. त्या कन्नडात म्हणाल्या, “चौथी मुलगी झाली म्हणून… बेडा, असा अर्थ.”

कन्नडात ‘बेका’ म्हणजे हवं का, आणि ‘बेडा’ म्हणजे नको.

चैत्राचे डोळे भरून आले. तिनं सगळ्यांसमोर नकुसाला पोटाशी धरलं. साहेबांनी मुलींना कसं वाढवावं यावर दहा मिनिटं भाषण केलं. फोटोवाल्यानं तीन फोटो काढले. त्या तिन्ही फोटोंत नकुसाचे हात अंगाशी घट्ट चिकटलेले आहेत.

शाळेत सोमवारपासून सुरुवात झाली. ‘बेडा’ हा शब्द म्हैसुरात माणूस दिवसातून पन्नास वेळा बोलतो. भात नको, बेडा. खडू नको, बेडा. तो शब्द आला की वर्गात खुसफूस होई आणि मग कुणीतरी मोठ्यानं म्हणे, “ए बेडा, तुला बोलावतायत.” जेवणाच्या रांगेत तर रोजचंच होतं ते. सुमित्राबाई डाव हातात घेऊन एकोणीस वर्षं प्रत्येक मुलाला विचारत आल्या होत्या, बेका? बेडवा? हवं का, नको का? त्या सोमवारी त्यांनी सवयीनं विचारलं आणि रांगेतली चार मुलं हसत सुटली. चौथं हसणं सिंचनाचं होतं. तिला लगेच चूक कळली, तिनं तोंडावर हात घेतला, पण नकुसानं ते पाहिलं होतं. ती ताट तसंच ठेवून वर्गात निघून गेली.

त्या दिवसापासून बाईंनी विचारणं बंद केलं. मुकाट्यानं वाढत गेल्या.

नागरत्ना मिसनी मुलांना रागावून पाहिलं, पालकांना बोलावलं, फळ्यावर सूचना लिहिली. चैत्रा दोनदा येऊन वर्गात बोलून गेली. ती जितकी समजावी तितका तो शब्द मुलांच्या जिभेवर पक्का होई. शेवटी तिनं सुचवलं की मुलीचं नावच बदलू, छोटासा समारंभ करू. मुलीच्या बापाला बोलावलं.

त्यानं ऐकून घेतलं आणि बाईंना म्हणाला, “नाव कशापाई बदलायचं, मावशी? त्या नावानं पोरगा दिला देवानं. बदललं आन पोराला काय झालं मंग?”

बाईंनी यातला एक शब्दही गाळला नाही. नाव बदलायचं तिथंच राहिलं.

नकुसा पायरीवर यायची बंद झाली. बाईंनी एकदा व्हरांड्यात तिला गाठलं. “का गे, रागावलीस? बोल की माझ्याशी.”

ती कन्नडात म्हणाली, “वर्गाला उशीर होतोय, अक्का.” अगदी शुद्ध, म्हैसूरच्या मुलीसारखं. आज्जी नाही म्हणाली, अक्का म्हणाली, इतर एकशेचाळीस मुलं म्हणायची तसं. त्यानंतर ती बाईंशी मराठीत बोललीच नाही.

डिसेंबरच्या मध्यावर ती यायची थांबली. चार दिवसांनी बाई बांधकामावर गेल्या तेव्हा कळलं, मुकादमानं त्या टोळीला नंजनगूडला, एका कारखान्याच्या बांधकामावर हलवलं होतं. बाईंनी मिसकडून नकुसाचं कार्ड मागून घेतलं आणि रविवारी सकाळच्या बसनं नंजनगूड गाठलं. कारखान्यांच्या रांगेमागं पत्र्याच्या खोल्या होत्या. विचारत विचारत दुपारी त्यांना घर सापडलं. नकुसाची आई चुलीपुढं बसली होती, नकुसा धाकट्या भावाला आंघोळ घालत होती. तिनं पाहिलं आणि पोराच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली.

आईनं बाईंना चटईवर बसवलं. “साळंत नेली हुती की इथल्या. गुरुजींनी नाव इचारलं तर हिनं भलतंच सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“सिंचना. कागुद मागितला तर म्हनं कागुद नाय. बापानं मंग आधारकार्ड दावलं, त्याच्यावर नकुसा. गुरुजी म्हनले, कुनाची पोरगी हाय ही, नीट कागद घिऊन या. तवापास्नं घरीच हाय.”

बाईंनी पिशवीतून कार्ड काढलं. “हे दाखवलं की कुठंही घेतात गे. हे बघ, तुझंच आहे.”

नकुसानं हात फ्रॉकला पुसले, कार्ड घेतलं, वरचं नाव वाचलं आणि परत बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

मग सुमित्राबाईंना राहवलं नाही. साठीला टेकलेली ती बाई दहा वर्षांच्या मुलीपुढं ओल्या जमिनीवर बसली आणि रडत म्हणाली, “चूक झाली गे माझी. शपथ घेतली होती मी. सगळे बघत होते, मला सुचलंच नाही काही. मोठ्या माणसांना कळावं असं वाटलं मला. चुकले गे.”

बराच वेळ नकुसा भावाचं डोकं पुसत राहिली. मग मराठीत म्हणाली, “आज्जी, तिथं तुमास्नी एकटीलाच कळत हुतं.”

एवढंच. त्यात राग नव्हता. ती उठली आणि पोराला कडेवर घेऊन खोलीमागं गेली. बाई तासभर थांबल्या. ती आली नाही.

सोमवारी सुमित्राबाई रजा टाकून खात्याच्या कार्यालयात गेल्या. चैत्रासमोर त्यांनी सगळं सांगितलं, माईक हातात असताना मनात काय आलं होतं तेसुद्धा. चैत्रा म्हणाली, “नियम मी शिकवला, अक्का. आणि प्रश्नही मीच विचारला.” तिनं मनापासून धडपड केली. कार्डावरचं नाव बदलायचं तर बापाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, गावच्या ग्रामपंचायतीचा जन्मदाखला हवा होता. बाप फोनवर तयार होईना. शेवटी नकुसाच्या आईनंच त्याला गळ घातली, नाव नुसतं कागदावर बदला, घरी आपलं तेच म्हनू. त्याची सही झाली. साताऱ्याहून दाखला यायला सहा आठवडे लागले. फेब्रुवारीच्या अखेरीस नवं कार्ड आलं. त्यावर नाव होतं, सिंचना.

बाई ते घेऊन त्याच दिवशी निघाल्या. चैत्राही बरोबर आली. नंजनगूडला कारखान्याचं छत घालून झालं होतं. पत्र्याच्या खोल्या उचलल्या होत्या. जमिनीवर चुलींच्या काळ्या जागा तेवढ्या राहिल्या होत्या. वॉचमन म्हणाला, टोळी आठ दिवसांपूर्वी गेली. कुठं? कुणी म्हणतं केरळात, कुणी म्हणतं होसूरकडे. मुकादमाचा फोन लागला नाही. बापाचा नंबर बंद होता. पुढं महिनाभर बाई रोज तो नंबर लावत राहिल्या. मग एक दिवस तो लागला, आणि पलीकडून कुणी अनोळखी माणूस तमिळमध्ये बोलला.

खात्याच्या कार्यक्रमातून नावाच्या अर्थाचा भाग काढून टाकला गेला. चैत्रानं पुढच्या प्रशिक्षणात तो नियमही बदलला: मुलानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगायचं नाही. बाकीचं काम चांगलं चाललंय. त्या चार शाळांत आता ताटांमधली मोकळी जागा पूर्वीइतकी दिसत नाही. शाळेतली सिंचना आता सहावीत आहे. तिची नवी जोडीदार बिहारची आहे.

सुमित्राबाईंनी ओळखपत्र परत केलं. सुधींद्रनं घरी विचारलं, का गं अम्मा? त्या म्हणाल्या, स्वयंपाकाला वेळ पुरत नाही. त्याला यातलं काही सांगितलं नाही.

यंदा जूनमध्ये सोलापूरचं एक कुटुंब मुलीला घेऊन शाळेत आलं. नागरत्ना मिस स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. “अक्का, तुमच्याशिवाय कुणी नाही हो,” त्या म्हणाल्या.

बाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. भात उकळत होता. त्यांनी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, आणि तरीही बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.